कुत्र्याला येणारे झटके: तपासणीत कारण सापडत नाही तेव्हा

एखादा धडधाकट, लसीकरण झालेला कुत्रा एके दिवशी झोपेतून उठता उठता कुशीवर कोसळतो, चारही पाय ताठ करतो, मग पाय मारू लागतो, तोंडाला फेस येतो, अंगाखाली लघवी होते आणि मिनिट-दोन मिनिटांनी तो भांबावलेल्या अवस्थेत उठून उभा राहतो. पशुवैद्य त्याला तपासतात, रक्ताचे अहवाल येतात, त्यांत काहीच वावगे दिसत नाही आणि घरच्यांना ऐकायला मिळते की झटक्याचे कारण सांगता येत नाही. हे उत्तर ऐकून बहुतेकांना वाटते की तपास अर्धवट राहिला किंवा डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी निसटले. प्रत्यक्षात सहा महिने ते सहा वर्षे या वयातील कुत्र्यांना वारंवार झटके येत असतील, तर सर्वांत जास्त वेळा होणारे निदान हेच असते. पशुवैद्यक त्याला इडिओपॅथिक एपिलेप्सी, म्हणजे कारण न सापडणारा अपस्मार, म्हणते. या निदानाचे निकष ठरलेले आहेत, त्यावरची औषधे ठाऊक आहेत आणि तो आजार पुढे कसा वागतो याचाही बराच अंदाज आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ०.६ टक्के कुत्र्यांना अपस्मार असल्याचे आढळले होते. म्हणजे हा आजार रोज दिसणारा नसला, तरी दुर्मीळ म्हणावा असाही नाही.

मेंदूतील पेशी एकमेकींना सतत संकेत पाठवत असतात. काही संकेत पुढच्या पेशीला चेतवतात, तर काही तिला आवरतात. चेतवण्याचे काम प्रामुख्याने ग्लुटामेट नावाचे रसायन करते आणि आवरण्याचे काम गाबा नावाचे रसायन करते. हा तोल ढळून पेशींचा मोठा समूह एकाच वेळी आणि एकाच लयीत अनावरपणे संकेत सोडू लागला की झटका येतो. हा उद्रेक मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरला, तर शुद्ध हरपते आणि सर्वांग आखडते. तो एखाद्या भागापुरता राहिला, तर चेहऱ्याची एकच बाजू फडफडते, एकच पाय झटकत राहतो किंवा समोर नसलेल्या माशा पकडाव्यात तसा कुत्रा हवेत तोंड मारतो. असा मर्यादित झटका पुढे सर्वांगभर पसरू शकतो, म्हणून सुरुवात कुठून झाली हे पाहून ठेवणे निदानासाठी मोलाचे असते.

काही कुत्रे झटक्यापूर्वी काही तास अस्वस्थ असतात, घरच्यांना चिकटून बसतात किंवा कोपऱ्यात दडतात. सर्वांगाचा झटका बहुधा दोन मिनिटांच्या आत संपतो. त्यानंतरची अवस्था मात्र लांबते आणि तिची कल्पना नसल्यामुळे घरच्यांची घाबरगुंडी अनेकदा याच वेळी उडते. कुत्रा अडखळत चालतो, डोळ्यांना दिसत नसल्यासारखा भिंतीवर आदळतो, थांबेचना अशा येरझाऱ्या घालतो, अधाशासारखा खातो आणि कधी कधी घरच्यांनाही ओळखत नाही. हे काही मिनिटांत ओसरते, काही तास टिकते आणि क्वचित एक-दोन दिवसही राहते; दृष्टी गेल्यासारखी वाटली तरी ती परत येते. सर्वांगाच्या झटक्यात कुत्र्याला शुद्ध नसते, त्यामुळे पाहणाऱ्याला दिसणारा त्रास तो त्या क्षणी भोगत असतो असे समजण्याचे कारण नाही.

झटका चालू असताना

घड्याळाकडे पाहणे हे पहिले काम आहे. घाबरलेल्या माणसाला दीड मिनिट हे दहा मिनिटांसारखे वाटते आणि पुढचे सर्व निर्णय झटका नेमका किती वेळ चालला यावर अवलंबून असतात. दुसरे काम म्हणजे कुत्र्याच्या आजूबाजूची जागा मोकळी करणे: जिना, पाणी, टोकदार कोपरे यांपासून त्याला दूर ठेवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवावे, आवाज आणि प्रकाश कमी करावा. त्याला घट्ट धरून ठेवल्याने झटका थांबत नाही. कुत्रा जीभ गिळत नाही. म्हणून त्याच्या तोंडात हात, चमचा किंवा कापड घालू नये, कारण शुद्धीवर नसलेल्या कुत्र्याचा जबडा बोट तोडू शकतो. तोंडात पाणी ओतू नये, नाकाशी उग्र वासाचे पदार्थ धरू नयेत. घरात दुसरे कुत्रे असतील, तर त्यांना लगेच वेगळ्या खोलीत न्यावे, कारण झटका आलेल्या कुत्र्यावर इतर कुत्रे कधी कधी हल्ला करतात. घरात व्यक्तींची संख्या पुरेशी असेल, तर एकाने मोबाइलवर चित्रण करावे. अशा वेळी चित्रण करणे निर्दयपणाचे वाटते, हे खरे. पण पशुवैद्यांना एरवी कधीच न दिसणारी गोष्ट त्यातूनच दिसते.

स्नायू सतत आखडत राहिल्याने शरीराचे तापमान झपाट्याने वाढते. झटका लांबला, तर पंजांवर आणि पोटावर साधे गार पाणी लावावे आणि पंखा सुरू करावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. झटका थांबल्यावर कुत्रा पूर्ण भानावर येऊन नीट गिळू लागेपर्यंत त्याला काही खायला-प्यायला देऊ नये. त्याला हाका मारून सगळ्यांनी भोवती गर्दी करण्यापेक्षा एका ओळखीच्या माणसाने थोडे अंतर ठेवून शांतपणे बोलत राहावे, कारण भानावर येत असलेला कुत्रा भीतीने चावू शकतो.

दोन-तीन परिस्थितींत मात्र घरी थांबण्यात अर्थ नसतो. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा एका झटक्यातून पूर्ण भानावर येण्याआधीच दुसरा सुरू झाला, तर ती जिवावरची आणीबाणी असते. तापमान वाढून आणि मेंदूवर ताण येऊन कायमचे नुकसान होऊ शकते. २४ तासांत दोन किंवा अधिक झटके आले, तर त्याला झटक्यांची मालिका मानतात आणि तेव्हाही त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. आयुष्यातला पहिला झटका असेल, कुत्र्याने विषारी काही खाल्ल्याची शंका असेल किंवा कुत्री पिल्लांना पाजत असेल, तर एकच झटका येऊन थांबला तरी दिरंगाई नको. पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरते आणि ते शिरेतून दिल्याशिवाय झटके आवरत नाहीत.

ज्यांच्या कुत्र्याला लांब झटके किंवा मालिका येते, त्यांनी पशुवैद्यांकडून घरी ठेवायचे आणीबाणीचे औषध मागून घ्यावे. ते गुदद्वारातून द्यायचे डायझेपाम असते किंवा नाकात फवारायचे मिडाझोलाम. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत नाकातील मिडाझोलामने ७० टक्के कुत्र्यांचा सुरू असलेला झटका आटोक्यात आला, तर गुदद्वारातील डायझेपामने २० टक्के. चाचणी छोटी होती, पण फरक लहान नव्हता. कोणते औषध, किती मात्रेत आणि जास्तीत जास्त किती वेळा द्यायचे, हे आधीच लिहून घेऊन औषधाशेजारी चिकटवलेले असावे, कारण ऐन वेळी आठवत काहीच नाही.

कारण नाही, हे कसे ठरते

त्याआधी तो झटकाच होता का, हे ठरवावे लागते. हृदयाच्या दोषामुळे कुत्रा बेशुद्ध होतो तेव्हा तो सहसा धावताना किंवा उत्तेजित असताना कोसळतो, अंग बहुधा लुळे पडते आणि अर्ध्या-एक मिनिटात तो उठून काही घडलेच नसल्यासारखा वागू लागतो. अपस्माराचा झटका बऱ्याचदा विश्रांतीत किंवा झोपेत येतो आणि त्यानंतरची गोंधळलेली अवस्था टिकून राहते. कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली, तर कुत्रा एका बाजूला कलंडतो आणि डोळ्यांची बुबुळे भरभर हलतात, पण शुद्ध असते. काही जातींत स्नायू अधूनमधून आखडण्याचा वेगळाच विकार असतो आणि त्यातही कुत्रा पूर्ण शुद्धीवर राहतो. बुलडॉग आणि डोबरमन यांच्यात केवळ डोके हलत राहण्याचे प्रसंग दिसतात, खाऊ दाखवला की ते बहुतेक वेळा थांबतात. झोपेत पाय हलवणारा, बारीक भुंकणारा कुत्रा स्वप्नात असतो. हाक मारल्यावर तो जागा होतो. चित्रणाची मागणी पशुवैद्य का करतात, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

झटकाच होता हे नक्की झाले की कारणांचे दोन मोठे गट पडताळले जातात. पहिल्या गटात मेंदू निरोगी असतो आणि शरीरातील बिघाड किंवा विष त्याला चेतवते: रक्तातील साखर उतरणे, यकृताला वळसा घालून जाणाऱ्या जन्मजात रक्तवाहिनीमुळे रक्त शुद्ध न होणे, क्षारांचे असंतुलन, किंवा चॉकलेट, झायलिटॉल हा साखरेचा पर्याय, गोगलगायी मारण्याची औषधे, ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके. दुसऱ्या गटात मेंदूतच दोष असतो, जसे की गाठ, दाह, जुनी इजा, रक्तस्राव, डोक्यात पाणी साचणे किंवा डिस्टेंपरचा विषाणू. लसीकरण न झालेल्या कुत्र्यात वागणुकीतील बदलासह झटके आले, तर रेबीजचाही विचार करावा लागतो आणि त्याच्या लाळेपासून स्वतःला जपावे लागते.

या छाननीत वयाला फार महत्त्व आहे. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाला झटका आला, तर जन्मजात दोष, संसर्ग किंवा विष आधी आठवावे; सातव्या-आठव्या वर्षी पहिल्यांदाच झटका आला, तर मेंदूतील गाठीची शक्यता वाढते. दोन्हींच्या मधल्या वयात, दोन झटक्यांमधल्या दिवसांत कुत्रा अगदी ठणठणीत असेल, तर पारडे इडिओपॅथिक एपिलेप्सीकडे झुकते. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अपस्मार कृतिदलाने २०१५ मध्ये याच्या निश्चितीच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. किमान २४ तासांच्या अंतराने दोन किंवा अधिक विनाकारण झटके, सहा महिने ते सहा वर्षे या काळात झालेली सुरुवात, शारीरिक व मज्जासंस्थेची निर्दोष तपासणी आणि निर्दोष रक्त-लघवी अहवाल ही पहिली पायरी. यकृताच्या कामाची पित्ताम्ल चाचणी, मेंदूचा एमआरआय आणि मेंदू-मज्जारज्जूतील द्रवाची तपासणी हेही निर्दोष आले की दुसरी. मेंदूच्या विद्युत आलेखात अपस्माराच्या खुणा मिळाल्या की तिसरी, आणि ती प्रत्यक्षात क्वचितच गाठली जाते.

प्रत्येक कुत्र्याचा एमआरआय करायलाच हवा का, हा प्रश्न घरोघरी पडतो. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते आणि खर्चही मोठा असतो. पहिल्या पायरीचे सर्व निकष नीट जुळत असतील, तर एमआरआयशिवाय उपचार सुरू करणे हा हलगर्जीपणा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीचे वय या पट्ट्याबाहेरचे असेल, दोन झटक्यांच्या मधल्या काळातही चाल, नजर किंवा वागणूक बिघडलेली असेल, झटके सुरुवातीपासून मालिकेने येत असतील किंवा योग्य मात्रेतील औषधालाही दाद देत नसतील, तर मात्र एमआरआय टाळू नये.

कारण मिळत नाही असे म्हणताना त्याचा रोख आनुवंशिकतेकडे असतो. बेल्जियन शेफर्ड, बॉर्डर कॉली, बीगल, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, आयरिश वुल्फहाउंड अशा अनेक जातींत अपस्मार कुळांमधून वाहताना दिसतो, आणि मिश्र जातीच्या कुत्र्यांतही तो असतो. इटलीच्या लागोट्टो रोमान्योलो जातीच्या पिल्लांत काही आठवड्यांच्या वयात सुरू होऊन आपोआप थांबणाऱ्या झटक्यांचे मूळ एलजीआय२ या जनुकात असल्याचे २०११ मध्ये कळले. बेल्जियन शेफर्डच्या आजाराचा संबंध एडीएएम२३ या जनुकाशी असल्याचे त्यानंतरच्या वर्षी समोर आले. बहुतेक जातींत मात्र एकाच जनुकाला बोट दाखवता येत नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा जमून मेंदूची झटका सहन करण्याची मर्यादा खाली येते. यावरून दोन गोष्टी ओघाने येतात. काल काय खायला दिले, फिरायला उशीर झाला का, रागावलो म्हणून असे झाले का, या प्रश्नांनी स्वतःला कोसत बसण्यात तथ्य नाही. आणि अशा कुत्र्याचे प्रजनन करू नये. नसबंदी न झालेल्या काही कुत्र्यांना माजाच्या काळात झटके अधिक येतात, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार या दुसऱ्या कारणानेही करावा.

औषधे

एकच छोटा झटका आला आणि पुढे सहा-आठ महिने काही घडले नाही, तर बहुधा लगेच औषध सुरू केले जात नाही. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके, पाच मिनिटांहून लांब झटका, मालिका, झटक्यानंतरची तीव्र किंवा दीर्घ अवस्था, किंवा झटक्यांची संख्या अथवा तीव्रता वाढत जाणे, यांपैकी काहीही असेल तर औषध सुरू करावे असे कृतिदलाचे मार्गदर्शन आहे. औषध घेऊन झटके पूर्ण बंद होतील ही आशा सगळेच धरतात, पण तसे भाग्य थोड्याच कुत्र्यांना लाभते. झटके निम्म्याहून कमी होणे, ते सौम्य आणि छोटे होणे, मालिका थांबणे हेही उपचाराचे यश आहे. हे सुरुवातीलाच समजून घेतले नाही, तर औषध चालू असताना आलेला पहिला झटका घरच्यांना पराभवासारखा वाटतो आणि मग चांगले चाललेले औषध बदलण्याची घाई होते.

फिनोबार्बिटोन हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध जुने आहे. माणसांच्या अपस्मारावर त्याचा गुण १९१२ मध्ये जर्मनीत लक्षात आला. ते गाबाचा आवरण्याचा परिणाम वाढवते. बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा द्यावे लागते आणि रक्तातील पातळी स्थिरावायला सुमारे दोन आठवडे लागतात. या पहिल्या पंधरवड्यात कुत्रा झोपाळू होतो, मागचे पाय लटपटतात, तहान, लघवी आणि भूक वाढते. झोपाळूपणा बहुतेकांत ओसरतो, भूक मात्र राहते, म्हणून वजनावर लक्ष ठेवावे लागते. रक्तातील औषधाची पातळी सुरुवातीला दोन आठवड्यांनी आणि पुढे साधारणपणे दर सहा महिन्यांनी मोजतात, कारण शरीर हळूहळू हे औषध अधिक वेगाने संपवू लागते आणि तीच मात्रा वर्षभराने अपुरी पडू शकते. जोडीने यकृताची तपासणीही होते. येथे एक खुलासा आवश्यक आहे: या औषधाने यकृतातील काही विकरांची पातळी, विशेषतः अल्कलाइन फॉस्फटेज, यकृताला इजा न होताही वाढते, त्यामुळे अहवालातील एका वाढलेल्या आकड्याने हादरून जाऊ नये. भूक मरणे, उलट्या, डोळे पिवळे पडणे ही लक्षणे दिसली, तर मात्र ताबडतोब दाखवावे.

पोटॅशियम ब्रोमाइड त्याहून जुने. माणसांच्या अपस्मारासाठी ब्रोमाइडचा उल्लेख लंडनमध्ये १८५७ सालचा आहे. कुत्र्याच्या शरीरातून ते इतके सावकाश बाहेर पडते की पातळी स्थिरावायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून त्याचा गुण जोखण्याची घाई करता येत नाही. ते मूत्रपिंडातून क्लोराइडसोबत बाहेर पडत असल्याने आहारातील मिठाचे प्रमाण एकसारखे ठेवावे लागते. मीठ अचानक वाढले की ब्रोमाइडची पातळी उतरते आणि झटका येऊ शकतो. स्वादुपिंडाचा दाह हा त्याचा गंभीर दुष्परिणाम आहे. इमेपिटॉइन हे औषध युरोपात २०१३ पासून कुत्र्यांसाठी मंजूर आहे. लेव्हेटिरासिटामचे दुष्परिणाम कमी असतात, पण साध्या गोळीचा परिणाम लवकर उतरतो आणि ती दर आठ तासांनी द्यावी लागते. फिनोबार्बिटोन सोबत चालू असेल, तर ती त्याहून लवकर संपते. रात्री एकच माणूस घरी असलेल्या कुटुंबाने हे वेळापत्रक झेपेल का याचा प्रामाणिक विचार करावा आणि तसे पशुवैद्यांना सांगावे, कारण कागदावरचे उत्तम औषध वेळेवर दिले गेले नाही तर त्याचा उपयोग नाही.

कोणतेही अपस्मारविरोधी औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये; फिनोबार्बिटोन अचानक थांबवल्याने आधीपेक्षा भयंकर झटके येऊ शकतात. एखादी मात्रा राहून गेली, तर आठवताच द्यावी आणि पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. एक ते दोन वर्षे एकही झटका आला नाही, तरच औषध कमी करण्याचा विषय निघतो आणि तेव्हाही दर महिन्याला २० टक्के किंवा त्याहून कमी या गतीने, पशुवैद्यांच्या देखरेखीखाली.

नोंदवही, आणि ती नसली तर होणारी फसगत

प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, कालावधी, सुरुवात कशी झाली, त्या वेळी कुत्रा जागा होता की झोपलेला, नंतरची अवस्था किती टिकली आणि औषधाची मागची मात्रा कधी दिली होती, एवढे लिहिलेले असावे. वजन आणि औषधातले बदलही त्याच वहीत असावेत. कंटाळवाणे वाटणारे हे काम मी उपचारांच्या बरोबरीचे मानतो, आणि त्यामागे एक भक्कम कारण आहे.

अपस्माराचे झटके एकसारख्या अंतराने येत नाहीत. काही आठवडे दाटीने येतात आणि मग मोठा खंड पडतो. नवे औषध, नवे पूरक, नवा आहार यांच्याकडे माणूस वळतो तो नेमका दाटीच्या काळात, जेव्हा त्याचा धीर सुटलेला असतो. त्यानंतर खंड यायचाच असतो आणि तो आला की श्रेय नुकत्याच सुरू केलेल्या उपायाला मिळते. हा केवळ तर्क नाही. कुत्र्यांच्या अपस्मारावरील काही चाचण्यांत औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्या २८ कुत्र्यांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील २२ कुत्र्यांचे, म्हणजे ७९ टक्क्यांचे, झटके कमी झाल्याचे आढळले, आणि ८ कुत्र्यांचे तर निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. ज्यात काहीच नव्हते त्या गोळीचे हे यश! कुत्र्याला गोळीवर श्रद्धा नसते. चढ-उताराचा नैसर्गिक क्रम, चाचणीमुळे वेळच्या वेळी दिली गेलेली मूळ औषधे आणि मालकाची बदललेली नजर यांनी ते घडते. एखाद्याने खात्रीने सांगितलेल्या रामबाण उपायाकडे पाहताना हा आकडा आठवावा, आणि नव्या औषधाचा हिशेबही आठवड्याभरात मांडू नये. आधीच्या झटक्यांमधले सर्वांत मोठे अंतर वहीत पाहावे. झटक्यांशिवायचा काळ त्याच्या तिप्पट झाला, तर उपाय लागू पडतो आहे असे म्हणायला आधार मिळतो.

झटका कशामुळे भडकतो याचा शोधही वहीतूनच घ्यावा. झोपमोड, घरातील धांदल, प्रवास, फटाक्यांसारखे आवाज यांचा काही कुत्र्यांत संबंध दिसतो. अनेकांत काहीच दिसत नाही. एका योगायोगावरून कुत्र्याचे फिरणे, खेळणे, पाहुण्यांना भेटणे सगळे बंद करण्याने त्याचे जगणे आक्रसते आणि झटके तेवढेच राहतात. औषधांबाबत मात्र ठोस सावधगिरी हवी. गोचीड-पिसवांवरील आयसोक्साझोलिन वर्गाच्या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना थरथर, लटपट आणि झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. बहुसंख्य कुत्र्यांना त्या चालतात, पण झटक्यांचा इतिहास असलेल्यासाठी दुसरा पर्याय विचारून घ्यावा. फ्लुरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैविकेही झटक्याची मर्यादा खाली आणतात. म्हणून कोणत्याही कारणाने नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर अपस्माराचा आणि चालू औषधांचा उल्लेख पहिल्या वाक्यात करावा.

आहाराच्या बाबतीत एक दुवा आशादायक आहे. मध्यम लांबीच्या साखळीच्या मेदाम्लांनी युक्त आहाराची लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्ये २१ कुत्र्यांवर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले: तुलनेच्या आहारापेक्षा झटके कमी झाले आणि तीन कुत्र्यांचे पूर्ण थांबले. हा आहार औषधाला जोड म्हणून आहे, औषधाऐवजी नाही, आणि स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला वाढीव मेद देण्याआधी विचारणे अत्यावश्यक आहे. गांजाच्या झाडापासून मिळणाऱ्या सीबीडी तेलाविषयी बरेच बोलले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या कुत्र्यांचे झटके सरासरीने कमी झाले, पण निम्म्याहून अधिक सुधारणा झालेल्या कुत्र्यांचे प्रमाण ते घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखेच होते. ते यकृतातच विघटित होत असल्याने फिनोबार्बिटोन घेणाऱ्या कुत्र्याला परस्पर सुरू करू नये.

औषधे पुरी पडत नाहीत तेव्हा

योग्य औषधे योग्य पातळीत देऊनही साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कुत्र्यांचे झटके नीट आवरत नाहीत. अशा वेळी आधी साध्या शक्यता पडताळाव्यात: पातळी खरोखर पुरेशी आहे का, मात्रा चुकतात का, वजन वाढल्याने मात्रा कमी पडते का, मूळ निदान बरोबर आहे का. त्यानंतर दुसरे, प्रसंगी तिसरे औषध जोडले जाते. प्रत्येक औषधाबरोबर गुंगी, लटपट आणि भूक यांची भर पडते, म्हणून झटके किती कमी झाले याच्या जोडीने कुत्रा कसा जगतो आहे हेही मोजावे लागते. अपस्मार असलेल्या काही कुत्र्यांत भित्रेपणा, चिडचिड किंवा शिकलेले विसरणे दिसते. हा हट्टीपणा किंवा बिघडलेली शिस्त समजून शिक्षा केल्याने भीती आणखी वाढते.

घरच्यांचे हालही या हिशेबात धरावेत. रात्रीची झोप हलकी होते, कुत्र्याला एकटे सोडून बाहेर पडणे अवघड होते, गावाला जाणे पुढे ढकलले जाते. निदान दोन माणसांना तरी औषधे देण्याची आणि झटका हाताळण्याची पद्धत शिकवून ठेवली, तर हे ओझे वाटून जाते. कुत्रा एकटा असताना त्याला जिना, गच्ची आणि पाण्याची टाकी यांच्यापासून दूर, खाली जमिनीवर राहता येईल अशी जागा द्यावी. झटके अधिक येणाऱ्या कुत्र्याला पोहायला सोडू नये. अपस्मार असलेले बरेच कुत्रे दोन झटक्यांमधला बहुतांश काळ इतर कुत्र्यांसारखेच खेळतात, पळतात आणि घरावर हक्क गाजवतात, आणि त्यांना तसे वागू द्यावे.

मोजक्या कुत्र्यांबाबत दयामरणाचा प्रश्न समोर येतो. मालिका वरचेवर येऊ लागते, दोन मालिकांमधले चांगले दिवस उरत नाहीत किंवा औषधांच्या गुंगीतून कुत्रा बाहेरच येत नाही, तेव्हा तो विचार करणे म्हणजे कुत्र्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे. हा निर्णय झटक्यांनी जागवलेल्या रात्री घेऊ नये. वही उघडून मागच्या तीन महिन्यांतले चांगले आणि वाईट दिवस पशुवैद्यांसमोर बसून मोजावेत, आणि किती वाईट दिवस झाल्यावर थांबायचे हे शक्य तर आधीच बोलून ठेवावे. अनेक तास इस्पितळात उपचार करूनही न थांबणारा झटका हा याला अपवाद आहे. तेथे समोरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच वेळी ठरवावे लागते.